सरांचे खोटे इशारे

राहुलचा फोन आला तेव्हा मी कॅलिफोर्नियात, क्युपर्टिनोच्या इंडियन ग्रोसरीसमोरच्या पार्किंगमध्ये उभी होते. कोथिंबिरीच्या जुड्या, दही, तांदळाची पिशवी असं सगळं डिकीत ठेवणं चाललं होतं. राहुल गजभिये मला कधी फोन करत नसे. दर रविवारी मीच नॉर्थ कॅरोलिनातल्या कॅरी गावी फोन लावायचे, आणि तो उचलून "बाबांना देतो" एवढंच म्हणायचा. त्यामुळं स्क्रीनवर त्याचं नाव दिसलं तेव्हाच मला कळायला हवं होतं. "वैशाली, बाबा गेले," तो म्हणाला. "आज पहाटे. झोपेतच..."  त्याच्या मागं कुणीतरी भांडी हलवत होतं, तो आवाज मला येत राहिला.

फोन ठेवल्यावर मी गाडीत बसून राहिले. कुणाला तरी सांगावंसं वाटत होतं. अजित, माझा नवरा, मीटिंगमध्ये होता. संध्याकाळी त्याला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "कोण, कॅरीचे सर? अरे... वाईट झालं. बरंच वय असेल ना त्यांचं?" त्याचा काही दोष नाही. त्यानं सरांना दोन-चारदा पत्रपेट्यांपाशी पाहिलं असेल, तेवढंच. माझ्या ऑफिसमध्ये निम्मी माणसं आपली आहेत, शेजारी दोन्ही घरं पुण्याची आहेत, पण सरांचं नाव घेतल्यावर चेहरा पडेल असा इथं एकही माणूस नव्हता. माणूस गेल्याचं दुःख वाटून घ्यायला त्याला ओळखणारं कुणीतरी लागतं. ते नसलं की दुःखसुद्धा आपल्याच घरात पाहुण्यासारखं अवघडून बसतं. आता या गोष्टीला काही आठवडे झाले. म्हणून हे लिहायला बसले आहे.

सर, म्हणजे देवीदास गजभिये, नागपूरच्या एका महापालिका शाळेत पीटीचे शिक्षक होते. तरुणपणी कबड्डी खेळले, पुढं मुलांना शिकवली. ठेंगणे, रुंद खांद्यांचे, गुडघ्यांवर जुन्या जखमांचे वण. पत्नी गेल्यावर एकुलत्या एका मुलानं, राहुलनं, त्यांना २००१ च्या अखेरीस नॉर्थ कॅरोलिनाला आणलं. राहुल औषधांच्या कंपनीत संशोधन करायचा, सून प्रज्ञा सॉफ्टवेअरमध्ये होती. दोघंही उजाडता उजाडता गाड्या काढून जायचे आणि दिवे लागल्यावर परतायचे. त्यांना मूलबाळ नव्हतं. मधला सगळा दिवस ते घर आणि सर, दोघंच एकमेकांसमोर.

आमची भिंत त्यांच्या भिंतीला लागून होती. मी लग्न होऊन सांगलीहून आले होते. इलेक्ट्रॉनिक्सची इंजिनिअर, पण माझ्या व्हिसावर नोकरी करायला परवानगी नव्हती आणि गाडी अजून चालवता येत नव्हती. दुपारी पोस्टाची गाडी आली की तिचा आवाज ऐकून मी खाली उतरायचे. आमच्या नावानं पत्र कुणी पाठवणार नव्हतं, क्रेडिट कार्डांच्या जाहिराती तेवढ्या यायच्या. पण त्या घ्यायला जाणं हे दिवसातलं एक काम होतं. तिथंच एक दिवस मागून आवाज आला, "काय करून राहिली बेटा? मराठी दिसतेस."

मी वळून पाहिलं. स्वेटर, त्यावर मफलर, पायात पांढरे कॅनव्हासचे बूट. आवाज इतका घोगरा होता की मी विचारलं, "काका, सर्दी झालीय का?"

"नाही गं. सकाळपासून वापरलाच नाही ना," ते म्हणाले. "संध्याकाळी राहुल आला की तोही हेच विचारते."

मी त्यांना काका म्हणायला लागले, पण ते टिकलं नाही. राहुलचे मित्र, प्रज्ञा, सगळे त्यांना सर म्हणायचे, मग मीही सर म्हणू लागले. रोज पत्रपेट्यांपाशी आम्ही भेटायचो. तिथून मग चालायला जायचो. आमच्या वसाहतीच्या मागं पाइनची झाडी होती, तिच्यातून पायवाट जायची ती थेट एका हायस्कूलच्या मैदानामागं निघायची. उन्हाळ्याची सुट्टी संपत आली आणि एके दुपारी त्या मैदानावर हेल्मेट घातलेली, खांद्यांवर ढाली बांधल्यासारखी दिसणारी मुलं धडाधडा एकमेकांवर आदळताना दिसली. सर तारेच्या कुंपणापाशी जे थांबले ते हलेनात.

या लोकांचा फुटबॉल हातानं खेळायचा असतो हे एव्हाना मलाही माहीत होतं, पण त्यापलीकडं काही नाही. सर मात्र मुलांकडं बघतच नव्हते. मैदानाच्या कडेला लाल टोपी घातलेला एक उंच, पोट सुटलेला गोरा माणूस उभा होता, त्याच्याकडं ते बघत होते. तो माणूस टोपीला हात लावायचा, कोपरावर मूठ आपटायचा, छातीवर तळवे ठेवायचा, मांडी थोपटायचा. मग मैदानातला एक मुलगा ओरडून बाकीच्यांना काहीतरी सांगायचा आणि सगळे आपापल्या जागा बदलायचे.

"पाहून राहिली? हा बचावाचा मास्तर आहे," सर म्हणाले. "चढाई करणाऱ्याला माहीत असते आपण काय करणार. बचाव करणाऱ्याला ओळखावं लागते. ओरडून सांगितलं तर समोरचा ऐकते. म्हणून हातानं सांगून राहिला."

मग त्यांनी मला कबड्डीतली साखळी समजावली. बचाव करणारे हात धरून उभे असतात. कधी झेप घ्यायची हे कोपऱ्यातला खेळाडू शेजाऱ्याचा हात दाबून सांगतो. कुणाला दिसत नाही, कुणाला ऐकू येत नाही. "इथं पोरांचे हात सुटलेले आहेत," ते म्हणाले, "म्हणून डोळ्यानं बोलावं लागते."

दुसऱ्या दिवशी ते पुन्हा गेले, तिसऱ्या दिवशीही. चौथ्या की पाचव्या दिवशी कुंपणापाशी उभं राहून ते त्या मास्तराचे हातवारे जसेच्या तसे करून बघत होते. टोपी, कोपर, छाती. मी शेजारी शेंगदाणे खात होते. तेवढ्यात शाळेचा पोलीस आमच्या दिशेनं चालत आला आणि त्याच्यामागून तो लाल टोपीवाला. अकरा सप्टेंबरच्या हल्ल्यानंतरचे ते दिवस असे होते की दाढी वाढलेला, सावळा म्हातारा शाळेच्या कुंपणापाशी रोज उभा राहतो एवढंच फोन करायला पुरेसं होतं. फोन कुणी केला हे आम्हाला कधीच कळलं नाही. पोलिसानं ओळखपत्र मागितलं. सरांनी शांतपणे खिशातून काढून दिलं. त्यांचा हात जराही हलला नाही. 

लाल टोपीवाल्याला वेगळीच शंका होती. त्यानं विचारलं, "तुम्हाला कुठल्या शाळेनं पाठवलं?" त्याला वाटलं होतं की प्रतिस्पर्ध्यांनी इशारे चोरायला हा माणूस पाठवला आहे. तसं चालतं म्हणे. सरांना प्रश्न नीट कळला नाही, त्या भागातलं इंग्रजी काकवीसारखं लांबत जातं. ते ताठ उभे राहिले आणि वर्गात सांगावं तसं म्हणाले, "म्युनिसिपल स्कूल, नागपूर. फिजिकल एज्युकेशन. रिटायर्ड."

त्या माणसाच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते मी विसरणार नाही. त्याला आधी काही उमगलं नाही, मग उमगलं, आणि मग तो पोट धरून हसला. सरांना हसण्याचं कारण कळलं नाही, पण तेही हसले. मी मध्ये पडून कबड्डी, साखळी, सगळं जमेल तसं सांगितलं. सरांनी कुंपणाच्या तारेतून हात घालून त्याचा हात धरला आणि दाबून दाखवला.  "मी डॉसन," तो म्हणाला. "उद्या फाटकातून आत या."

असे कोच डॉसन आमच्या आयुष्यात आले. ते शाळेत इतिहास शिकवायचे आणि बचावाच्या फळीचे प्रशिक्षक होते. घटस्फोट झालेला, मुली दूर कुठंतरी. शाळेनं सरांची रीतसर चौकशी केली आणि त्यांना मदतनीस म्हणून मैदानात यायची परवानगी मिळाली. मी दुभाषी. अमेरिकेतलं माझं ते पहिलं काम, बिनपगारी.

सरांना जे काम मिळालं ते असं. इशारे चोरले जाऊ नयेत म्हणून मैदानाकडेला एकाच वेळी तीन माणसं हातवारे करतात. त्यातला खरा एक. बाकीचे दोघं जे करतात त्याला काही अर्थ नसतो, पण समोरच्यांना ते कळता कामा नये. कोच म्हणाले, आतापर्यंत हे काम बाकावरच्या राखीव खेळाडूंना द्यायचो, ते कंटाळून कसेही हात हलवतात आणि खेळ सुरू होऊन थोडा वेळ गेला की समोरच्यांना कळतं कोण खोटा. "मला असा माणूस हवाय जो खोटा इशारा मनापासून देईल." मी हे सरांना मराठीत सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "सांग त्याला, येतो म्हणून."

त्यानंतर भिंतीपलीकडून दुपारी पावलांचे आवाज यायला लागले. सर मागच्या काचेच्या दारासमोर उभे राहून सराव करायचे. स्वतःचे इशारे त्यांनी स्वतः बनवले होते. काही कबड्डीच्या पंचांकडून उचललेले, काही शाळेतल्या कवायतीतले. एक तर चक्क भाकरी थापायचा होता. "सुमनकडून घेतला," ते म्हणाले. सुमन म्हणजे त्यांची पत्नी. तिच्याबद्दल ते एरवी बोलत नसत.

राहुलला हे आवडलं नाही. एका शनिवारी मी त्यांच्याकडं चहाला गेले होते तेव्हा विषय निघाला. "बाबा, ते तुम्हाला बुजगावण्यासारखं उभं करतात," तो म्हणाला. "सगळ्या गावासमोर. हातवारे करायला लावतात, ज्यांना काही अर्थ नाही. तुम्हाला कळत नाही का?" तो वाईट मुलगा नव्हता. शाळेत, कॉलेजात त्यानं काय काय सोसलं होतं ते त्याच्या बोलण्यात कधी यायचं नाही, पण आपल्या बापाला कुणी हसेल या कल्पनेनं त्याचा आवाज फाटत होता.

सर कपातला चहा हलवत राहिले. मग म्हणाले, "राहुल, आपण कुठं उभं राहायचं हे माझ्या बापाला दुसऱ्यांनी सांगितलं. मलाही खूप वर्षं दुसऱ्यांनीच सांगितलं. इथं त्या माणसानं मला विचारलं, येता का म्हणून. मी हो म्हटलं. एवढीच गोष्ट आहे." राहुल उठून आत गेला. त्या दिवसानंतर त्यानं विरोध केला नाही, पण मॅचला कधी आलाही नाही.

पहिल्या मॅचला मी एकटीच गेले. शुक्रवारची संध्याकाळ, उंच खांबांवर दिवे लागलेले, बँड वाजत होता, सगळं गाव लोटलेलं. मक्याच्या लाह्यांचा वास येत होता. माझ्या दोन्ही बाजूंना कुटुंबं होती, ब्लँकेटं पांघरून एकमेकांना टेकून बसलेली. इतक्या गर्दीत मी कधी इतकी एकटी नव्हते. मी सरांना शोधलं. शाळेच्या मरून रंगाचं जाकीट त्यांना गुडघ्यांपर्यंत येत होतं. टोपी कानांवर बसली होती. एका बाजूला कोच डॉसन, दुसऱ्या बाजूला त्यांचा तरुण सहायक, मध्ये सर.

पहिला इशारा द्यायची वेळ आली आणि सर हलेनात. बाकी दोघांचे हात चालू झाले, सर पुतळ्यासारखे उभे. मी उभी राहिले. मागच्या बाईनं मला खाली बसायला सांगितलं. पुढच्या खेपेला सरांनी टोपीला हात लावला, मग कोपराला, आणि मग, मला दिसलं, त्यांनी खांदे सैल सोडले. तिथून पुढं त्यांना थांबवणं कठीण होतं. मांडी थोपटली, मूठ फिरवली, भाकरी थापली. समोरच्या कडेला वही घेऊन बसलेला एक माणूस मान उंचावून त्यांच्याकडंच बघत होता. त्यांच्या प्रत्येक हातवाऱ्यानंतर तो शेजाऱ्याच्या कानाशी लागायचा.

मॅच संपल्यावर आम्ही पाइनच्या झाडीतून टॉर्च लावून परतलो. सरांनी टोपी काढून हातात घेतली. मग म्हणाले, "बेटा, तो समोरचा माणूस पाहिलास? पूर्ण वेळ माझ्याकडं पाहून राहिला होता. मी काय करतो, कुठं हात नेतो, सगळं." पाचोळ्यावर आमची पावलं वाजत होती. "इथं आल्यापासून इतकं लक्ष देऊन माझ्याकडं कुणी पाहिलं नव्हतं."

मी टॉर्चचा उजेड त्यांच्या पावलांपुढं धरला. 

असे तीन हंगाम गेले. त्या काळात मी गाडी चालवायला शिकले, लायब्ररीतून पुस्तकं आणायला लागले, सरांना दवाखान्यात नेऊ लागले. हंगाम संपला की सर पुन्हा घोगरे व्हायचे. डिसेंबर ते जुलै त्यांचं कुठं काही अडत नसे आणि त्यांच्यावाचून कुणाचं काही अडत नसे. ऑगस्ट आला की ते दाढी करायचे, बूट पांढरे करायचे. तिसऱ्या हंगामात मला दिसलं की ते कप दोन्ही हातांनी धरतात आणि उजवा हात बहुतेक वेळ जाकिटाच्या खिशात ठेवतात. मी विचारलं तर म्हणाले, "थंडी." ऑक्टोबर होता, थंडी होतीही.

त्या वर्षीची शेवटची मॅच शेजारच्या गावातल्या शाळेशी होती. त्यांच्याशी जुनी चुरस. आदल्या दिवशी सरावानंतर कोच डॉसननी आम्हाला दोघांना बाजूला घेतलं. म्हणाले, "आता या जिल्ह्यातल्या प्रत्येक शाळेला माहीत आहे की हा जाकीटवाला म्हातारा खोटा आहे. त्याच्याकडं आता कुणी बघत नाही. म्हणजे खरा इशारा लपवायला त्याच्याइतकी चांगली जागा नाही." आणि ते सरांकडं वळून म्हणाले, "उद्या खरे तुम्ही."

मी भाषांतर करायच्या आतच सरांना समजलं होतं. त्यांचा उजवा हात खिशात होता. क्षणभर मला वाटलं, ते नाही म्हणणार. त्यांनी माझ्याकडं बघितलं, मग मैदानाकडं. "येस," ते म्हणाले.

त्या मॅचमध्ये बराच वेळ सगळं इतकं सुरळीत चाललं की मला श्वास घ्यायचं भान राहिलं नाही. मैदानाच्या मध्यावर बचावाचा म्होरक्या होता, डॅरेल नावाचा सतरा-अठराचा मुलगा. इशारा वाचून बाकीच्यांना जागा नेमून द्यायचं काम त्याचं. तो सरांकडं बघायचा आणि ओरडायचा. समोरचे कोचकडं बघायचे, सहायकाकडं बघायचे आणि दर वेळी चुकायचे. आपला संघ थोडक्यात पुढं होता. शेवट जवळ आला होता आणि गारठा वाढला होता.

मग शेवटचा डाव. आता समोरचे चेंडू लांब फेकणार हे उघड होतं. सगळ्यांनी मागं राहून मागची जागा राखायची, असं कोचनी सरांना हळूच सांगितलं. त्याचा इशारा होता उघडा तळवा, खांद्याच्या उंचीवर, स्थिर. आणि तोच तळवा बोटं थरथरवत धरला तर अर्थ उलटा, सगळ्यांनी पुढं धावून जायचं. सरांनी खिशातून हात काढला आणि तळवा वर धरला.

मला वरून ती थरथर दिसत नव्हती. डॅरेलला दिसली. तो ओरडला, सगळे पुढं धावले आणि चेंडू त्यांच्या डोक्यांवरून गेला. मागं कुणी नव्हतं. समोरचा मुलगा एकटाच धावत राहिला... पलीकडच्या बाजूचा गलका आमच्यावर आदळेपर्यंत माझ्या लक्षातच आलं नव्हतं की आपण हरलो.

मी पायऱ्या उतरून कुंपणापाशी गेले तेव्हा डॅरेल हेल्मेट काढून गवतावर बसला होता. सर त्याच्याकडं चालत गेले. मैदान पार करायला त्यांना वेळ लागला, लोक आडवे येत होते. त्यांनी वाकून त्याला हात दिला, उठायला. आणि त्यांच्या शाळेच्या इंग्रजीत म्हणाले, "युवर आय इज राइट. माय हँड इज राँग." मुलगा नाही नाही म्हणायला लागला. पण त्यानं सरांचा हात धरला होता आणि ती थरथर आता त्याच्या हातात होती. तो बोलायचा थांबला. बराच वेळ त्यानं तो हात तसाच धरून ठेवला.

दुसऱ्या दिवशी दुपारी कोच डॉसन राहुलच्या घरी आले. सरांनी मला बोलावून घेतलं होतं. राहुलला आदल्या रात्रीच सगळं कळलं होतं, हाताचंही. डॉक्टरांनी पुढं नाव सांगितलं, कंपवात, पण त्या दिवशी ते नाव अजून घरात आलं नव्हतं. राहुल दारातच म्हणाला, "आधी तुम्ही त्यांना बुजगावणं केलंत. आता हरण्याचं कारण केलंत."

कोच खाली बघत म्हणाले, "हरलो मी. इशारा माझा होता, उभंही मीच केलं. मला त्यांच्या हाताचं माहीत नव्हतं. माहीत असायला हवं होतं."

"राहुल," सर सोफ्यावरून म्हणाले, "पाहुणा दारात आहे. चहा ठेव."

चहा झाला. कोचनी पुढच्या वर्षी या म्हणून सांगितलं, पुन्हा पहिल्यासारखेच, खोटे इशारे द्यायला. हात हलला तरी काही बिघडत नाही, त्याचा कुणी अर्थ लावणार नाही. मी भाषांतर केलं. सरांनी मान हलवली. "सांग त्याला बेटा. खोटं सांगायलाही हात ताब्यात लागते. माझ्या हाताकडं पाहून त्यांना कळेल, हा नाही, दुसरा कोणीतरी खरा आहे. मग बाकी दोघंच राहिले. पोरांचं नुकसान होईल." मी हे इंग्रजीत सांगितलं. कोच उठून खिडकीपाशी गेले आणि आमच्याकडं पाठ करून उभे राहिले.

सर पुन्हा मैदानावर गेले नाहीत. पुढच्या उन्हाळ्यात अजितची बदली क्युपर्टिनोला झाली. निघायच्या दिवशी सर पत्रपेट्यांपर्यंत आले. "तिकडं नोकरी करता येईल का तुला?" त्यांनी विचारलं. ग्रीन कार्डाचं काम पुढं सरकलं होतं, मी हो म्हटलं. "मग बरं. दिवसभर बोलत राहा," ते म्हणाले, "नाहीतर आवाज बसते."

त्या आजारात माणसाचा आवाज बारीक होत जातो, हे मला नंतर कळलं. रविवारच्या फोनवर ते मला महिन्यागणिक कमी ऐकू येऊ लागले. आधी शेवटचे शब्द जायचे, मग वाक्यं. शेवटी शेवटी मीच बोलायचे. ऑफिस, ट्रॅफिक, अजितचा खोकला. पलीकडं श्वास ऐकू यायचा, तेवढ्यावर मी बोलत राहायचे. मग राहुल फोन घेऊन म्हणायचा, "ऐकतायत ते. हसतायत."

सरांच्या पुण्यानुमोदनाला मी एकटी कॅरीला गेले. अजितला रजा नव्हती. राहुलच्या दिवाणखान्यात बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर, त्यांच्याशेजारी सरांचा फोटो, मेणबत्त्या. जवळच्या राले शहरातून आलेली काही कुटुंबं होती. सगळ्यांनी त्रिशरण, पंचशील म्हटलं. अगदी मागं, बूट काढून, मांडी घालता येत नसल्यामुळं पाय लांब करून कोच डॉसन बसले होते. नंतर कळलं, गेलं वर्षभर ते शाळा सुटल्यावर सरांकडं येत असत. भाषा दोघांची वेगळी, आणि सरांना तर आवाजच राहिला नव्हता. दोघं जुन्या मॅचच्या व्हिडिओ टेप लावून बसायचे. जाताना कोच माझ्यापाशी थांबले. म्हणाले, पुढच्या हंगामापासून हातवारे बंद होणार. मुलांच्या मनगटावर छापील पट्टी असेल, कडेवरून नुसता आकडा ओरडायचा, आकडा ऐकून मुलं पट्टीवर शोधतील. कुणाला चोरता येणार नाही, आणि कडेला तीन माणसं उभी करायची गरज नाही. मग त्यांनी हात जोडले आणि जड जिभेनं "जयभीम" म्हणाले. राहुलनं त्यांना गाडीपर्यंत सोडलं.

पाहुणे गेले. प्रज्ञा स्वयंपाकघरात आवरत होती. माझं विमान दुसऱ्या दिवशी होतं. राहुल सरांच्या खोलीत गेला म्हणून मी मागं गेले. खोली त्यानं तशीच ठेवली होती. खिडकीपाशी टेबल, टेबलावर औषधांचा डबा, दाढीचा ब्रश, एक टेपरेकॉर्डर. पलंगावर पांढरी चादर ताणून घातलेली. हल्ली तो ऑफिसातून लवकर येतो आणि अंधार पडेपर्यंत इथं बसतो, असं प्रज्ञा मला सकाळी सांगत होती. तो पलंगाच्या कडेला बसला. मला खुर्ची दाखवली.

"वैशाली," तो म्हणाला, "मी एकही मॅच पाहिली नाही."

मी खुर्ची पलंगाजवळ ओढली.

"टेप आहेत. कोचनी दिल्यात. पण त्यात सगळा कॅमेरा मुलांवर आहे. बाबा कुठंच दिसत नाहीत. एकदा नुसता जाकिटाचा कोपरा दिसतो." तो चादरीवरून हात फिरवत राहिला. "तू पाहिलंस ना त्यांना? मला सांग. एक तरी मॅच. पहिल्यापासून."

बाहेर पाइनच्या झाडांमागं उजेड कमी होत चालला होता. मी पहिल्या मॅचपासून सुरुवात केली. दिवे, बँड, गुडघ्यापर्यंतचं जाकीट, कानांवर बसलेली टोपी. पहिल्या इशाऱ्याला ते हललेच नाहीत हे सांगितलं, तेव्हा त्यानं मान वर केली.

"घाबरले होते का ते?"

"हो," मी म्हटलं. "खूप."

"मग?"

खोलीत एव्हाना त्याचा चेहरा नीट दिसत नव्हता. दिवा लावायला दोघांपैकी कुणी उठलं नाही.

"मग नाही घाबरले," मी म्हटलं, आणि पुढं सांगू लागले.